पाच माणसांची मोटार

आयुष्यात मी एकदाच माणूस चोरून नेला, आणि तो दीड वर्षाचा होता. चोरून म्हणजे पळवून नव्हे. पोर जाऊबाईंचं, बसलं होतं जाऊबाईंच्याच मांडीवर, आणि आम्ही निघालो होतो त्याच्याच नवसाला. चोरलं ते फक्त एका माणसाच्या नजरेपासून. तो माणूस म्हणजे आमचे हिंगणघाटचे घरमालक. सगळे त्यांना काकाजी म्हणत. मी तेव्हा एकोणीस वर्षांची, लग्नाला वर्ष व्हायचं होतं. माहेर आष्टीकडचं. येताना भांडी आणली, लुगडी आणली, अक्कल तेवढी ट्रंकेत बसली नाही म्हणून तिकडेच राहिली.

हे सगळं आठवायचं कारण माझा नातू. परवा तो आम्हाला एका लग्नाला घेऊन गेला. गाडी सात जणांची आणि आत आम्ही अकरा. पट्टा लावला नाही की त्या गाडीत घंटी वाजते. नातवाने मोकळे पट्टेच पाठीमागून अडकवून टाकले, घंटीचं तोंड बंद केलं आणि मला म्हणाला, "आजी, जरा पोट आत घे, मावशी बसतेय." मी म्हटलं, "बाबा, या वयात पोट माझं ऐकत नाही. मी उतरते." सगळे हसले. मी खरंच उतरले. दोन जणांना रिक्षा करावी लागली आणि म्हातारी चळली असं ठरलं. ठरू दे. माझ्या आधीही एक जण असाच चळलेला ठरला होता, आणि त्याला तसं ठरवणाऱ्यांत मी सगळ्यांत पुढे होते.

काकाजी आयुष्यभर सरकी काढायच्या एका जिनात कापसाच्या काट्यावर बाबू होते. कापसाची बंडी फाटकातून आत आली की ते नुसतं चाकांकडे आणि बैलांच्या मानेकडे बघून वजन सांगत, आणि मग काटा तेच सांगे. निवृत्त झाले तेव्हा जिनाच्या मालकाने नवी मोटार घेतली होती, जुनी यांना देऊन टाकली. काळी, उंच, लढाईच्या आधीची. मागची दारं उलट्या अंगाने उघडायची. म्हणजे बिजागरी मागे आणि मूठ पुढे, चालत्या गाडीत दार किलकिलं झालं तर वारा ते सताड उघडून टाकणार. खिट्टीही म्हातारी झालेली. काकाजींनी सुतार बोलावून दोन्ही दारांना आतून घरासारखी पितळी कडी लावून घेतली. लोक म्हणाले, आता उंबरठा बसवा आणि तोरण लावा.

पण कडी काहीच नाही. एका टांगेवाल्याने धंदा सोडला, तेव्हा काकाजी त्याच्याकडून घोड्याच्या सामानाचे कातडी पट्टे घेऊन आले. मोच्याला अंगणात बसवून ते कापले, शिवले, बक्कल लावले, आणि मोटारीत प्रत्येक जागेला एक असे पाच पट्टे ठोकले. बसलं की पट्टा पोटावरून घ्यायचा आणि बक्कल लावायचं. आज तुम्हाला यात काही वाटणार नाही. तेव्हा आमच्या गल्लीत पोरं मोटार दिसली की खिंकाळायची. उन्हाळ्यात त्या पट्ट्यांना घोड्याचा वास यायचा तो वेगळाच. प्रत्येक जागेवर पांढऱ्या रंगाने नंबर होता, एक ते पाच. एक नंबर स्वतः काकाजींचा.

सहावा माणूस त्या मोटारीत कधी बसला नाही. मांडीवरचं पोर म्हणजे एक माणूस. गव्हाचं पोतं म्हणजे एक माणूस. "पोतं बोलत नाई म्हनून काय त्याचं वजन नाई?" असं विचारायचे. गावातले एक शेटजी अंगाने दांडगे. त्यांना एकदा स्टेशनवर सोडायचं होतं. काकाजींनी दार उघडलं आणि अतिशय अदबीने म्हणाले, "बसा शेटजी. तुमचे नंबर तीन अन् चार."

त्या काळी ज्यांच्या घरी मोटार होती ते ती कशी वापरत? गावातल्या मालगुजारांची मोटार निघाली की आत दहा-बारा बाया-पोरं, दोन्ही पायदानांवर गडी उभे, मागे बांधलेल्या वळकटीवर आणखी एखादा. फोटोला बसल्यासारखे. ती चौकातून गेली की काकाजी पानठेल्यापाशी उभे राहून मोठ्याने मोजायचे, "तेरा," आणि टोपी काढून डोकं खाजवायचे. पानवाला चिडवायचा, "काकाजी, तुमाले काऊन तरास? मोटार त्याइची."

"बंडीत जास्त भरलं तं बैल खाली बसते," काकाजी म्हणायचे. "त्याले समजते. मोटार बसत नाई रे. थे बिचारी जाते तशीच."

हे वाक्य मी शंभर वेळा ऐकलं असेल. तोंडावर पदर धरून तितक्याच वेळा हसले.

निघण्याआधी त्यांची मोटारीभोवती एक प्रदक्षिणा असे. वाकून खाली बघत, कुत्रं-कोंबडं झोपलंय का. मग चाकांना लाथ. मग आत बसून स्वतःचा पट्टा, आणि मग मान न वळवता दोन प्रश्न: "कोनी राह्यलं काय? कोनी जास्त झालं काय?" पहिला प्रश्न जगातला प्रत्येक गाडीवाला विचारतो. दुसरा मी फक्त त्यांच्याच तोंडून ऐकला.

त्यांच्या बायकोला, काकूंना, या सगळ्याचा मनस्वी राग. त्यांच्या माहेरची माणसं आली की कोणीतरी एक जण नेहमी स्टेशनवर उरायचा. एकदा ओट्यावर डाळ निवडता निवडता त्या आम्हा बायकांसमोर म्हणाल्या, "घरात चार खोल्यांत सोळा भाडेकरू कोंबले यायनं, अन् मोटारीत माह्या भावाले जागा नाई." काकाजी आत पेपर वाचत होते. आतूनच म्हणाले, "घर पळत नाई, बाई."

लोकांना वाटायचं, यांचं कोणीतरी मोटारीखाली गेलं असणार. मुलगी गेली, असं एक म्हणे. भाऊ गेला, असं दुसरा. मीही विहिरीवर एक गोष्ट रचून सांगितली होती, तिच्यात काकाजींची पहिली बायकोसुद्धा होती. ती फार चालली. मग एकदा आमच्या सासूबाईंनी सरळ विचारलंच, "काकाजी, तुमच्या घरी असं काही झालं होतं काय जी?"

"नाई," ते म्हणाले. "काऊन? माणसाले अक्कल याले घरचं कोनी मेलंच पाह्यजे काय?"

आता माझं बघा. सर्व्हिस गाडीत, म्हणजे तेव्हाच्या बसमध्ये, मी बसले होते. पण सर्व्हिस गाडी म्हणजे लोखंडी गोठा, तिला काय मोटार म्हणायचं. खरी मोटार अंगणात चिंचेखाली उभी असायची, आणि मी सडा टाकताना मुद्दाम तिच्याजवळून टाकायची. तिच्या काचेला आतून एक मूठ होती. ती फिरवली की काच खाली जायची, उलटी फिरवली की वर यायची. काकाजी काचा पुसायचे तेव्हा मी ते बघितलं होतं आणि माझी झोप उडाली होती. ती मूठ एकदा फिरवायची, बस. एकोणीस वर्षांच्या बाईची महत्त्वाकांक्षा ही. सांगणार कोणाला? नवऱ्याला सांगितलं तर हसला असता. सासूला सांगायची सोय नव्हती. आणि घरमालकाशी सुनेने आपणहून बोलायची तर पद्धतच नव्हती.

जाऊबाईंना सात वर्षांनी मूल झालं होतं. गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यात बोललेला नवस होता, पोर पायावर उभं राहिलं की बाबांच्या पायावर घालीन आणि मलिदा वाटीन. पोर उभं राहिलं, चालायला लागलं, घरभर कड्या काढत फिरायला लागलं. कापूस वेचणीच्या दिवसांत एका जुम्म्याला जायचं ठरलं. माझा नवरा आणि थोरले दीर दोघेही मिलच्या पाळीत, त्यांना सुट्टी नाही. सासऱ्यांनी काकाजींना विचारलं, ते आनंदाने तयार झाले आणि लगेच बोटं मोजायला लागले. मी एक. तुम्ही दोन. सासूबाई तीन, थोरल्या सूनबाई चार, बाळ पाच.

सहावी मी. घरी गाय होती, तिला पाणी दाखवायला कोणीतरी हवंच होतं.

तीन दिवस मी त्या गायीचं तोंड बघितलं नाही. चौथ्या दिवशी मला युक्ती सुचली. आधी गायीचं पाणी शेजारणीच्या गळ्यात घातलं, मग जाऊबाईंकडे गेले. म्हटलं, "बाई, पहाटे थंडी फार असते. बाळाला शालीत गुंडाळून मांडीवर घ्या, झोपून राहील. आणि काकाजींना सांगू की बाळ मामाकडे समुद्रपूरला आहे, मामा त्याला परस्पर गिरडला आणतोय. मग मला जागा होते." जाऊबाई भोळ्या. "खोटं बोलाचं?" म्हणाल्या. मी म्हटलं, "मांडीवरचं पोर कोणी मोजतं का? काकाजी चळलेले आहेत म्हणून मोजतात." सासूबाईंनाही ते पटलं. मांडीवरचं पोर मोजायची रीत त्यांच्या सात पिढ्यांत नव्हती. सासऱ्यांना सांगायची गरज पडली नाही. ते पुढे बसणार होते, आणि पाठीमागे काय चाललंय ते त्यांना जन्मभर कधी कळलं नव्हतं.

निघायच्या दिवशी पहाटे अंगणात काकाजींनी विचारलं, "बाळ कुठी हाय?" मी पदर सावरून, नजर जमिनीला लावून, सालस सुनेला शोभेल अशा आवाजात समुद्रपूरच्या मामाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली, मान हलवली. "मंग ठीक. पाच." माझ्यावर शंका घ्यायचं त्यांच्या मनातही आलं नाही. काट्यावर उभ्या जन्मात एकही शेतकरी त्यांना फसवू शकला नव्हता. मी फसवलं. केवढी फुगले होते मी.

मागे त्या टोकाला सासूबाई, मध्ये शालीचं गाठोडं घेऊन जाऊबाई, या टोकाला, मुठीजवळ, मी. बायकांच्या पट्ट्याला काकाजी हात लावत नसत, "ओढून दाखवा" म्हणत. मी माझा ओढून दाखवला. जाऊबाईंचा पट्टा पोरामुळे लागेना. मी त्याचं बक्कल मुठीत दाबून धरलं आणि म्हटलं, "लागला, काकाजी."

"कोनी राह्यलं काय? कोनी जास्त झालं काय?"

"नाही जी," आम्ही तिघी एका सुरात.

मोटार निघाली. काकाजी चालवायचे असे की सायकलवाले रामराम घालून पुढे जात. समुद्रपूरपर्यंत पोर झोपलेलं होतं आणि मी स्वर्गात होते. काच खाली. काच वर. पुन्हा खाली. थंड वारा तोंडावर घेतला, धुळीने तोंड भरलं, थुंकायची सोय नाही म्हणून गिळलं आणि पुन्हा काच खाली केली. मागे वळून बघणारं कोणी नव्हतं.

समुद्रपूर सुटल्यावर ऊन चढलं. शालीत पोर उकडून जागं झालं आणि कुरकुरायला लागलं. मी घाईघाईने गवळण सुरू केली, मोठ्याने. सासूबाईंनी टाळ्या धरल्या. काकाजी पुढून म्हणाले, "आज लहान सूनबाईले भक्ती आली." सासरे म्हणाले, "चांगलं हाय." आणि दोघं कापसाच्या भावाविषयी बोलायला लागले. जाऊबाईंनी पोराला शालीतून काढून पायांशी खाली उभं केलं, जरा वारा लागावा म्हणून. ते गप्प झालं. मी गवळण म्हणत होते आणि मूठ फिरवत होते.

त्या पोराला कड्या आवडायच्या हे मी आत्ताच सांगितलं.

समोरून कापसाची बंडी आली. काकाजींनी मोटार डावीकडे घेतली, चाक चाकोरीत उतरलं, गाडीने गचका खाल्ला, आणि माझ्या गुडघ्यांपुढचं दार होतं ते नाहीसं झालं. वाऱ्याने पार मागे नेलं. दाराच्या जागी रस्ता पळत होता, आणि त्या रस्त्याकडे पोर पालथं चाललं होतं. मी पकडलं असं म्हणायची माझी लायकी नाही. मी नुसती पुढे पडले. हाताला एक पाय लागला, चांदीचा वाळा घातलेला, तो मुठीत आला. माझं अर्धं अंग बाहेर. बाकीचं अर्धं त्या घोड्याच्या पट्ट्याने धरून ठेवलं होतं. पट्टा पोटात रुतला आणि तुटला नाही. मोटार थांबेपर्यंत पोर माझ्या हातात उलटं लटकत होतं, त्याचे केस खालच्या गवताला घासत होते. मागून जाऊबाई ओरडत होत्या. शब्द नव्हता त्यात कुठला.

ते जगलं. कपाळाला खरचटलं, बस. आज त्याला नातवंडं आहेत, आणि ती खूण अजून टोपीखाली आहे.

पण त्या क्षणी कोणाला काय माहीत. सासूबाईंनी पोर माझ्या हातातून हिसकून घेतलं आणि म्हणाल्या, "हिचंच डोकं. हिच्याच हौसेपायी. सात वर्सांनी झालेलं पोर माह्यं." सासरे उतरून उभे, "हे इथं कुठून आलं?" एवढंच पुन्हा पुन्हा विचारत होते. काकाजींनी पोराचं डोकं दोन्ही हातांनी चाचपलं, हातपाय वाकवून बघितले, ते रडायला लागलं तेव्हा, "रडते, मंजे बरं हाय," म्हणाले. मग पायदानावर बसले. टोपी काढून तोंड पुसलं. टोपी खाली पडली. मी ती उचलून दिली. त्यांनी घेतली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

थोड्या वेळाने उठले, दार लावलं, कडी घातली. मोजलं. "सहा हाय," म्हणाले. "गाडी पाचाची. एक जन थांबा."

सासूबाई म्हणाल्या, "इतकं झाल्यावरही काकाजी?"

"इतकं झाल्यावर तं नक्कीच."

कोणी माझ्याकडे बघायच्या आत मी बाजूला झाले. जाऊबाईंनी पोराला पदरात घेतलं होतं, त्यांनी मान वर केली नाही. गिरड तिथून तीन मैल. रस्त्याकडेला मैलाचा दगड होता, मी त्याच्यावर बसले. मोटार हळूहळू लहान झाली.

बाजूच्या शेतात बाया कापूस वेचत होत्या. त्यांनी सगळं बघितलं होतं. ओटीत कापूस घेऊन एक म्हातारी बांधावर आली. "काऊन वं, उतरवून देल्लं?"

"हो."

"नवऱ्यानं?"

"घरमालकाने."

"घरातून उतरोते घरमालक," ती म्हणाली, "मोटारीतून उतरोताना पैल्यांदाच पाह्यलं." बाकीच्या हसल्या. मलाही हसू फुटलं, आणि त्याचं मधेच रडू झालं. म्हातारीने शिदोरी सोडून माझ्या हातावर अर्धी भाकर आणि मिरचीचा ठेचा ठेवला. मी रडत खात होते. ठेच्याने रडतेय की कशाने हे तिला कळू नये म्हणून आणखी ठेचा मागत होते. आता घरी परतल्यावर काय होणार, ते दिसत होतं. नवऱ्याला सांगतील. माहेरी चिठ्ठी जाईल, घेऊन जा तुमची पोरगी. गेलीच पाहिजे, असं मलाही वाटत होतं. आणि काकाजी मला मोटारीत तर सोडाच, अंगणातही उभं करणार नाहीत.

मला वाटलं होतं, दर्शन उरकून येताना कोणत्यातरी बंडीत घालून मला घरी पाठवतील. पण तासाभराने मोटार परत आली. एकटे काकाजी. चौघांना टेकडीच्या पायथ्याशी सोडून ते मला न्यायला आले होते. सहा माणसांसाठी दोन खेपा. इतकं साधं होतं ते, आणि तीन दिवस गायीवर राग काढूनही ते माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्यांनी उतरून मागचं दार उघडलं. मी आत बसले, पट्टा लावला, कोणी सांगायच्या आत ओढून दाखवला. ते पुढे जाऊन बसले. मोटार सुरू केली नाही. दोन्ही हात चाकावर ठेवून समोरच्या रस्त्याकडे बघत राहिले. मी वाट बघत होते, आता बोलतील, काय बोलायचं ते बोलून घेतील. मी सांगितलं, अगदी बारीक आवाजात, की काकाजी, मला ती काच खालीवर करून बघायची होती.

मान न वळवता ते म्हणाले:

"तं मले सांगाचं होतं, सूनबाई. मी तुमाले एकटीलेच वर्ध्यापावतर फिरवून आनलं असतं."